नवा अ‍ॅम्प्लिफायर आणि डॉक्टरांचे कान

भोपाळमधील जुन्या मराठी घरांत दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात बहुधा एक लाकडी कपाट असतेच. खालच्या कप्प्यात ध्वनिमुद्रिका, मधल्या कप्प्यात कॅसेटी, वर अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांसारखे उभे दोन स्पीकर. १९८० च्या दशकात ज्यांनी नव्याने व्यवसाय सुरू केला, त्यांपैकी अनेकांनी पहिल्या काही वर्षांच्या बचतीतून कॉस्मिक किंवा सोनोडाइन अशा देशी कंपन्यांची सामग्री हौसेने घरी आणली. आज त्याच मंडळींचे केस पांढरे झाले आहेत, मुले परगावी वा परदेशी आहेत आणि हाती थोडा पैसा व पुष्कळ वेळ आहे. अशा वेळी मनात एक विचार हमखास डोकावतो: जुना अ‍ॅम्प्लिफायर काढून एखादा उत्तम, महागडा अ‍ॅम्प्लिफायर घेतला तर आपले आवडते गाणे अधिक चांगले ऐकू येईल काय?

प्रस्तुत लेखकाच्याही मनात हा विचार आला आणि तो पुढे बराच लांबला. एका विक्रेत्याने मोठ्या औदार्याने एक किमती अ‍ॅम्प्लिफायर आठ दिवसांसाठी घरी वापरायला दिला. ‘‘ऐका, आवडला तर पैसे द्या,’’ एवढेच त्याचे म्हणणे. पहिल्याच संध्याकाळी कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने लावली आणि मी चकित झालो. तानपुऱ्यांचा झंकार अधिक भरलेला, तबल्याचा बायाँ अधिक खोल आणि पूर्वी कधी न जाणवलेला श्वासाचा एक बारीक आवाजही स्पष्ट. धनादेशाचे पुस्तक काढायचेच बाकी होते. इतक्यात आमच्या सौ. सहज म्हणाल्या, ‘‘छान आहे, पण आवाज जरा मोठा नाही का लावलात?’’

त्या एका प्रश्नाने मला माझ्या व्यवसायाची आठवण करून दिली. एखाद्या औषध कंपनीच्या प्रतिनिधीने नव्या गोळ्यांची पेटी पुढे ठेवून ‘‘आठ दिवस देऊन पाहा, रुग्णाला बरे वाटते की नाही ते कळेलच,’’ असे म्हटले असते, तर मी त्याला काय उत्तर दिले असते? तुलनेचा गट कोठे आहे, मात्रा सारखी होती काय आणि कोणाला काय दिले हे तपासणाऱ्याला ठाऊक होते काय, असे तीन प्रश्न मी लगेच विचारले असते. स्वतःच्या कानाच्या बाबतीत मात्र मी यांतला एकही प्रश्न विचारला नव्हता.

कुमारजी, स्ट्रेप्टोमायसिन आणि एक पाकीट

ज्यांचा आवाज मी त्या संध्याकाळी ऐकत होतो, त्या कुमार गंधर्वांचे चरित्र आपणा माळव्याच्या शेजाऱ्यांना परके नाही. १९२४ साली जन्मलेल्या या विलक्षण गायकाला ऐन तारुण्यात क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी १९४८ च्या सुमारास ते देवासला आले आणि पुढे १९९२ मधील निधनापर्यंत तेथेच राहिले. आजारपणाची कित्येक वर्षे गाणे बंद होते. स्ट्रेप्टोमायसिनचा उपचार उपलब्ध झाला, पत्नी भानुमतीबाईंनी जिवापाड शुश्रूषा केली आणि १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात कुमारजी पुन्हा गाऊ लागले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते. तरीही त्या तुटक, वेगवान आणि तेजस्वी गायकीने अवघ्या देशाला वेड लावले.

स्ट्रेप्टोमायसिन खरोखरच गुणकारी आहे हे कसे ठरले, ते आपण सर्वांनी महाविद्यालयात शिकलेले आहे. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने केलेली चाचणी १९४८ साली प्रसिद्ध झाली. सर ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्या योजनेनुसार कोणत्या रुग्णाला औषध द्यायचे आणि कोणाला केवळ विश्रांती, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोपवता बंद पाकिटातील चिठ्ठीने ठरविण्यात आले. छातीचे क्ष-किरण चित्र वाचणाऱ्या तज्ज्ञांना ते चित्र कोणत्या गटातील रुग्णाचे आहे, हे सांगितले गेले नाही. सहा महिन्यांनंतर औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी ४ दगावले होते आणि न मिळालेल्या ५२ पैकी १४. याच चाचणीत त्या औषधाचा अंतर्कर्णातील तोलेंद्रियावर होणारा दुष्परिणामही नोंदला गेला.

विशेष असे की, चित्र वाचणारे ते तज्ज्ञ अप्रामाणिक होते म्हणून त्यांच्यापासून माहिती लपविली नव्हती. प्रामाणिक माणसाचे डोळेही अपेक्षेप्रमाणे पाहतात, हे हिल जाणून होते. ज्या पद्धतीने कुमारजींचे औषध पारखले गेले, त्याच पद्धतीने कुमारजींचे गाणे वाजविणारे यंत्र का पारखू नये?

कान फसतो कसा

ध्वनीच्या बाबतीत फसगतीची दोन मोठी कारणे आहेत. पहिले शरीरक्रियेचे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखविले की, आवाज कमी असताना आपला कान खालच्या स्वरांना कमी दाद देतो. आवाज वाढला की खर्ज भराभर भरून येतो. म्हणून एका यंत्रावर तेच गाणे अगदी थोडे मोठे वाजले, तर ते ‘मोठे’ न वाटता ‘अधिक खोल’, ‘अधिक जिवंत’ वाटते. एखाद्या डेसिबलचा फरक आपण आवाजाचा फरक म्हणून ओळखत नाही, गुणवत्तेचा फरक म्हणून ओळखतो. दोन अ‍ॅम्प्लिफायरांच्या व्हॉल्यूमची बटणे एकाच खुणेवर ठेवली म्हणून आवाज सारखा होतो, असे मुळीच नाही. माझ्याकडचे नवे यंत्र त्याच खुणेवर जुन्यापेक्षा मोठे वाजत होते.

दुसरे कारण मनाचे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये तेच स्पीकर श्रोत्यांना एकदा उघड्यावर आणि एकदा पडद्याआड ऐकविले. डोळ्यांनी दिसताना दिलेले गुण आणि न दिसताना दिलेले गुण यांत लक्षणीय तफावत पडली. कसलेले श्रोतेही त्यातून सुटले नाहीत. यात नवल काहीच नाही. १७८४ मध्ये पॅरिसला मेस्मरच्या ‘चुंबकशक्ती’ची चौकशी करणाऱ्या समितीने, ज्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिये होते, रुग्णांचे डोळे बांधून हेच सिद्ध केले होते. चुंबकशक्ती दिली आहे असे वाटले की झटके येत, दिल्याचे ठाऊक नसले की काहीच होत नसे.

अ‍ॅम्प्लिफायरांची परीक्षा

अ‍ॅम्प्लिफायरांवर अशा परीक्षा झालेल्या आहेत. १९७८ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश नियतकालिकात जेम्स मॉयर यांनी क्वाड कंपनीच्या तीन अ‍ॅम्प्लिफायरांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांतील एक जुन्या व्हॉल्व्हचा आणि दोन ट्रान्झिस्टरचे होते. श्रोत्यांना ते खात्रीने वेगळे ओळखता आले नाहीत. १९८७ च्या जानेवारीत ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकन मासिकाने काही शे डॉलरच्या साध्या यंत्रापासून बारा हजार डॉलरच्या व्हॉल्व्हच्या जोडीपर्यंत अनेक अ‍ॅम्प्लिफायर आवाज सारखे करून ऐकविले. फरक असतोच असे मानणारे आणि न मानणारे, दोन्ही प्रकारचे श्रोते त्यात होते. एकूण उत्तरे नाणे उडवून दिल्यासारखीच निघाली.

याचा अर्थ सर्व अ‍ॅम्प्लिफायर सदैव सारखेच, असा मात्र नव्हे. १९८५ मध्ये बॉब कार्व्हर या अमेरिकन अभियंत्याने ‘स्टीरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांचे आव्हान स्वीकारले. एका महागड्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा ‘खास’ आवाज त्याने स्वतःच्या ट्रान्झिस्टर यंत्रात थोडे फेरफार करून असा उतरविला की, संपादकांना दोन्ही वेगळे सांगता येईनात. म्हणजे आरंभी फरक होता. पण तो गूढ नव्हता, मोजता येणारा होता. अनेक व्हॉल्व्ह यंत्रांचा अंतर्गत रोध जास्त असतो. स्पीकरचा रोध प्रत्येक स्वराला बदलत असल्यामुळे काही स्वर किंचित उठतात, काही बसतात. त्यालाच आपण ‘ऊबदार आवाज’ असे गोड नाव देतो.

घरच्या घरी अंध चाचणी

हे सारे वाचून झाल्यावर एका रविवारी मी दोन व्यवसायबंधूंना चहाला बोलावले. एक भूलतज्ज्ञ, दुसरे कान-नाक-घसा तज्ज्ञ. दोघेही गाण्याचे शौकीन. ज्यांना असा प्रयोग करावयाचा असेल त्यांच्यासाठी पद्धत थोडक्यात देतो.

प्रथम आवाज सारखा करावा. एकाच स्वराची चाचणीची तबकडी किंवा फाइल लावून, साध्या मल्टिमीटरने स्पीकरच्या टोकांशी व्होल्टेज मोजावे. असे मीटर खालच्या स्वरांतच खरे दाखवितात. म्हणून १०० ते २०० हर्ट्झचा स्वर घ्यावा. दोन्ही यंत्रांतील फरक ०.२ डेसिबलच्या आत हवा, म्हणजे एकाचे २.०० व्होल्ट असेल तर दुसऱ्याचे २.०५ च्या पुढे जाता कामा नये. दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर एकाच वेळी एका स्पीकरला कधीही जोडू नयेत, यंत्र जळेल. पहिले पूर्ण सुटल्यावरच दुसरे जोडणारा स्विच वापरावा. हाताने तारा बदलण्यात दोन मिनिटे गेली, तर ध्वनीची बारीक स्मृती तेवढ्यात पुसली जाते.

मग आधी ‘क’ आणि ‘ख’ ही यंत्रे उघडपणे हवी तितकी ऐकून घ्यावीत. त्यानंतर तिसऱ्या व्यक्तीने, दुसऱ्या खोलीत नाणे उडवून, त्यांपैकी एक लावावे आणि श्रोत्याने ते कोणते हे कागदावर लिहावे. स्विच हलविणाऱ्याचा चेहराही श्रोत्याला दिसू नये. या पद्धतीचा मूळ आराखडा बेल प्रयोगशाळेतील मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० मध्ये मांडला. १९८२ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी त्यासाठी खास स्विचपेटीचे वर्णन प्रसिद्ध केले.

किती फेऱ्या कराव्यात? दहा फेऱ्यांत सात उत्तरे बरोबर आली की माणूस खूश होतो. परंतु निव्वळ अंदाजाने सात किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता १७ टक्के आहे. सोळा फेऱ्यांत बारा बरोबर आली, तर मात्र ते योगायोगाने घडण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी राहते. आपल्या परिचयाची पाच टक्क्यांची सीमा तेथे ओलांडली जाते.

आमच्याकडे नाणे उडविण्याचे काम सौ. नी केले. निकाल असा लागला: सोळापैकी मला नऊ, भूलतज्ज्ञांना सात, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दहा. मघाशी एकट्याने ऐकलेला तो श्वासाचा बारीक आवाज आता दोन्ही यंत्रांवर सारखाच होता. तो जुन्या यंत्रावरही वर्षानुवर्षे होताच. मी लक्ष देऊन ऐकले नव्हते.

येथे एक सावधगिरीही नोंदविली पाहिजे. फरक आढळला नाही म्हणजे फरक नाहीच, असे सिद्ध होत नाही. आमची चाचणी लहान होती. पण इतके निश्चित म्हणता येईल की, पहिल्या संध्याकाळी मला जो ‘जमीन-अस्मानाचा’ फरक वाटला होता, तेवढा मोठा फरक तेथे नव्हता. असता तर सोळापैकी सोळा वेळा ओळखला गेला असता.

खर्च कोठे सार्थकी लागतो

अ‍ॅम्प्लिफायर बदलण्याची खरी कारणे मोजकी आहेत. एक, शक्ती अपुरी पडणे. सर्वसाधारण स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८८ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. घरगुती ऐकण्यात सरासरी एक वॅटही पुरेसा होतो. तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक उसळीला दहा-वीस वॅट लागतात. तेथे यंत्र कमी पडले की लहरींची टोके छाटली जातात आणि आवाज फाटतो. परंतु ४० वॅटचे यंत्र काढून ८० वॅटचे आणल्याने फक्त ३ डेसिबल मिळतात. आवाज दुप्पट वाटण्यासाठी साधारण दहापट वॅट लागतात. दोन, ज्या स्पीकरचा रोध फार खाली जातो तो पेलण्याची ताकद जुन्या यंत्रात नसणे. तीन, यंत्रच आजारी असणे: वाळलेले कपॅसिटर, खरखरणारे व्हॉल्यूमचे बटण, सततची गुणगुण. यांतील बराचसा आजार कुशल कारागिराच्या हातून थोडक्या खर्चात बरा होतो.

हे तिन्ही नसेल, तर पैसा स्पीकर आणि खोली यांकडे वळवावा. दोन स्पीकरांतील फरक पडद्याआडूनही सहज ओळखू येतो. आणि खोलीचे महत्त्व तर विचारूच नये. आपल्या घरांत खाली गुळगुळीत फरशी, चहूकडे गिलाव्याच्या भिंती आणि उंच छत. टाळी वाजविली तर ती घुमते. तेथे जाड सतरंजी, भरगच्च पडदे, पुस्तकांची मांडणी आणि भिंतीपासून हातभर पुढे ओढलेले स्पीकर जे काम करतात, ते लाखाचा अ‍ॅम्प्लिफायर करू शकत नाही.

राहिलेला एक दुवा

ध्वनिमुद्रिका, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, खोली, एवढ्यावर साखळी संपत नाही. शेवटचा दुवा आपल्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतो. चहा संपवून निघताना आमच्या कान-नाक-घसा तज्ज्ञ मित्राने विचारले, ‘‘पण तुम्हांला मुळात नवा अ‍ॅम्प्लिफायर हवासा का वाटला?’’ मी सांगितले की, गेली तीन-चार वर्षे गाणे निस्तेज वाटते, तानपुऱ्याची जवारी पूर्वीसारखी लकाकत नाही. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘‘उद्या दवाखान्यात या.’’

कानात मळ नव्हता. तो असता तर बरे झाले असते. ऑडिओग्रामची रेघ २००० हर्ट्झपर्यंत नीट चालली होती आणि पुढे उतारावरून घसरावी तशी खाली गेली होती. उजव्या कानात ४००० हर्ट्झला ५० डेसिबल, डाव्यात ४०. वयोमानाने येणारा बधिरपणा, त्याच्या अगदी पाठ्यपुस्तकी रूपात. तानपुऱ्याची जवारी म्हणजे वरच्या उपस्वरांचा दरबार. तोच माझ्यासाठी हळूहळू बरखास्त होत होता. हृदयध्वनी बहुतांशी १००० हर्ट्झच्या खाली असल्याने स्टेथोस्कोपने कधी तक्रार केली नव्हती. घरी मात्र ‘‘काय म्हणालात?’’ असे मी वारंवार विचारू लागलो होतो आणि त्याचा दोष समोरच्याच्या उच्चारावर ढकलत होतो. रुग्णांना दूरचित्रवाणीचा आवाज ‘स्पष्ट नाही’ असे वाटू लागले की आपण त्यांना श्रवणतपासणीला पाठवितो. स्वतःसाठी मी त्याच लक्षणावर अ‍ॅम्प्लिफायर लिहून देत होतो. निदान चुकले होते. अवयवच चुकीचा धरला होता.

आठव्या दिवशी ते सुंदर यंत्र मी विक्रेत्याला आभारपूर्वक परत केले. त्यात त्याची काहीच चूक नव्हती. यंत्र उत्तमच होते. बाजूला काढलेल्या रकमेतून श्रवणयंत्रांची जोडी आली आणि उरलेल्या पैशांत दिवाणखान्यात एक जाड सतरंजी. श्रवणयंत्र लावून गाणे ऐकणे सोपे नसते. बोलण्यासाठी केलेली त्यांची बांधणी संगीताला प्रथम कर्कश करते. दोन-तीन वेळा जुळवणी करून घ्यावी लागली, संगीतासाठी वेगळी व्यवस्था मागून घ्यावी लागली.

अ‍ॅम्प्लिफायर मालकीचा असण्यात आनंद आहे, त्याची चकाकी पाहण्यात आनंद आहे आणि ज्याला परवडते त्याने तो आनंद अवश्य घ्यावा. फक्त त्याला ध्वनीचा सुधार म्हणण्याआधी एकदा नाणे उडवून पाहावे. आणि साठी ओलांडलेल्या व्यवसायबंधूंनी नवे यंत्र पाहायला जाण्याआधी अर्धा तास काढून ऑडिओग्राम करून घ्यावा, एवढी विनंती. गेल्या दिवाळीत त्याच जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर कुमारजींची तीच तबकडी लावली. आवाज मोठा नव्हता. जवारी पूर्वीइतकी नाही, पण पुष्कळशी परतली होती. आणि स्वयंपाकघरातून सौ. काय म्हणाल्या, तेही प्रथमच न विचारता कळले.